गृहदुरुस्ती व परवानाधारक कारागीर : वाशिम जिल्हा

राहत्या घराची डागडुजी, त्यातील भिंती-दारांचे फेरफार, वाढविलेल्या खोल्या वा मजले आणि त्यांबरोबर बदललेली नळ व वीज यांची व्यवस्था या सर्वांचा समावेश व्यापक अर्थाने गृहदुरुस्तीत होतो. नव्या बांधकामापेक्षा हे काम लहान असते; परंतु ते उभ्या, वापरात असलेल्या आणि पुष्कळदा ज्याचा नकाशा उपलब्ध नाही अशा वास्तूत करावयाचे असल्यामुळे अधिक जोखमीचे असते. ते कोणाच्या हाती द्यावे आणि बिघडल्यास कोणी भरून द्यावे, हा प्रश्न घरबांधणीइतकाच जुना आहे. वाशिम जिल्ह्यातील घरबांधणीच्या इतिहासात त्याची तीन उत्तरे दिसतात : वंशपरंपरेने बांधलेला गावचा कारागीर, उक्ते काम घेणारा ठेकेदार आणि शासनाने परवाना दिलेला व्यावसायिक. यांपैकी तिसरे उत्तर अद्याप अपुरे राहिले आहे, आणि त्या अपुरेपणाची किंमत घरमालकाला मोजावी लागते.

प्राचीन संदर्भ : बांधणाऱ्याच्या जबाबदारीचा सर्वांत प्रसिद्ध प्राचीन दाखला बॅबिलनचा राजा हामुराबी (इ. स. पू. अठरावे शतक) याच्या विधिसंहितेत आढळतो. बांधलेले घर कोसळून घरधनी मेला, तर बांधणाऱ्यास देहान्त शासन सांगितले आहे. भिंत कलली, तर ती त्याने स्वखर्चाने भक्कम करून द्यावी, असाही नियम आहे. पहिल्या नियमाची क्रूरता नेहमी सांगितली जाते. दुसऱ्याची व्यवहार्यता मात्र दुर्लक्षित राहते. भारतीय परंपरेत दंड इतका कठोर नाही. कौटिलीय अर्थशास्त्रा च्या कण्टकशोधन या अधिकरणाचा आरंभच कारागिरांपासून प्रजेच्या रक्षणाने होतो. ठरलेले स्थळ, काळ व कामाचे स्वरूप यांना धरून कारागिराने काम करावे, विलंब झाल्यास वेतनाचा चतुर्थांश कापावा व त्याच्या दुप्पट दंड करावा, असे तेथे सांगितले आहे. बृहस्पतिस्मृतीत वाडा वा देवालय मिळून बांधणाऱ्या कारागिरांच्या प्रमुखाला मिळकतीचे दोन वाटे द्यावेत, असे वचन येते. अनेकांच्या कामाची जबाबदारी अंगावर घेणारा हा प्रमुख आजच्या कंत्राटदाराचा पूर्वज मानण्यास हरकत नाही. मयमत, मानसार यांसारख्या शिल्पग्रंथांत स्थपती, सूत्रग्राही, तक्षक व वर्धकी अशी कारागिरांची चढती-उतरती व्यवस्था आहे; तीत स्थपतीचे स्थान सर्वांत वरचे असून त्याची पात्रता विद्या आणि शील या दोहोंवर ठरते.

वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी येथे होती. याच शाखेतील हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले, हे तेथील लेखावरून कळते. दात्याचे नाव, त्याचे कुल आणि त्याच्या राजाची वंशावळ लेखात आहे. छिन्नी चालविणाऱ्याचे नाव नाही. आपल्याकडील बहुतेक वास्तूंची हीच कथा आहे. अठराव्या शतकात वाशिमचे बालाजी मंदिर नागपूरकर भोसल्यांच्या सेवेतील भवानी काळू यांनी बांधविले, हे सर्वश्रुत आहे. ते कोणत्या गवंड्यांनी व पाथरवटांनी बांधले, ते लोकस्मृतीत राहिले नाही. काम करणारा अनामिक राहिला, तरी तो अपरिचित नव्हता. गावात त्याला सगळे ओळखत होते, आणि ही ओळख हीच त्या काळची हमी होती.

गावगाडा व खणांचे घर : वऱ्हाडातील खेड्यात ‘काळी’ म्हणजे शेतजमीन आणि ‘पांढरी’ म्हणजे गावठाण. पांढरी हे नाव नुसते लाक्षणिक नव्हे. गावठाणाच्या पांढऱ्या मातीच्याच घराच्या भिंती घालीत. सुतार व लोहार हे बलुतेदार. घराच्या लाकूडकामाची दुरुस्ती त्यांच्याकडे असे व तिचा मोबदला पिकाच्या वेळी धान्यरूपाने मिळे. बेलदार, पाथरवट, वडार हे कारागीर बहुधा फिरते असत व त्यांना कामापुरते बोलावीत. या व्यवस्थेत परवाना नव्हता, करारपत्र नव्हते आणि बहुधा रोख रकमेचा व्यवहारही नव्हता. परंतु ज्याने तुळई चुकीची बसविली, त्यालाच पुढच्या वर्षी त्याच घरी बलुते मागण्यास यावे लागे. काम बिघडविणाऱ्याला गाव सोडून जाता येत नसे, आणि घरमालकालाही दुसरा सुतार आणता येत नसे. या दुसऱ्या बाजूकडे, म्हणजे वाईट कारागीर बदलण्याची सोय नसण्याकडे, बलुतेदारीचे गोडवे गाणारे सहसा लक्ष देत नाहीत.

जुन्या घराची रचना येथे थोडी तपशिलाने पाहिली पाहिजे, कारण आजच्या अनेक अपघातांचे मूळ तिच्या विस्मरणात आहे. वऱ्हाडातील जुन्या सुस्थित घरात लाकडी खांब रोवून त्यांवर तुळया टाकीत आणि तुळयांवर कड्यांचे माळवद अथवा कौलारू छप्पर असे. दोन खांबांमधील अंतर म्हणजे ‘खण’. घराचा आकार दोन खणी, पाच खणी असा सांगत. छपराचा भार मुख्यतः खांबांवर येई. मातीच्या जाड भिंती आडोसा देत आणि ऊन अडवीत. अशा घरात एखादी आतील भिंत काढून माजघर मोठे करणे, कोनाड्याच्या जागी दार पाडणे वा पावसाळ्यात खचलेली भिंत पुन्हा घालणे ही कामे गावचा कारागीर निर्धास्तपणे करी. भिंत पडली तरी घर उभे राही. दिल्ली, दारव्हा, मंगरूळ व पोहा या चार वेशींच्या आत वसलेल्या कारंजा (लाड) येथील व्यापाऱ्यांच्या वाड्यांतही हेच तत्त्व अधिक कोरीव लाकडात दिसते.

विसाव्या शतकात प्रथम विटांच्या भारवाही भिंती आणि पुढे, विशेषतः त्या शतकाच्या अखेरच्या दशकांत, सिमेंट-काँक्रीटचा स्लॅब खेड्यापर्यंत पोहोचला. भार वाहण्याची रीत त्यामुळे उलटी झाली. विटांच्या भिंतींवर टेकलेल्या स्लॅबच्या घरात खांब नसतोच. भिंत हाच खांब. स्तंभ-तुळई सांगाड्याच्या घरात भिंत काढता येते, परंतु स्तंभाला हात लावता येत नाही. ही दोन प्रकारची घरे गिलावा केल्यावर बाहेरून सारखीच दिसतात. खणांच्या घरात मुरलेली कारागिराची समज या नव्या घरात नुसती निरुपयोगी नव्हे, तर धोक्याची ठरते. कोणती भिंत काढावी हे हाताने ठोकून कळत नाही. त्यासाठी भाराची गणना करणारा जाणकार लागतो. परवानाधारक व्यक्तीची गरज प्रथम येथे निर्माण होते, आणि ती कायद्यापेक्षा वास्तूच्या स्वभावातून आलेली आहे.

काळी जमीन : जिल्ह्याचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसाल्टावर असून त्यावर कमीअधिक जाडीची काळी माती आहे. कापूस व सोयाबीन यांना पोसणारी ही माती घराच्या पायाला मात्र प्रतिकूल असते. तिच्यातील माँटमोरिलोनाइट या चिकणमाती-खनिजामुळे ती पावसाळ्यात पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला रुंद भेगा पडतात. तिच्यावर उथळ पाया घातलेले घर वर्षातून एकदा उचलले जाते व एकदा खाली बसते. खिडक्यांच्या कोपऱ्यांतून निघणाऱ्या तिरप्या भेगा याचीच खूण होत. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने (स्थापना १९४७) अशा जमिनीसाठी तळाशी फुगीर केलेल्या स्थूणांचा पाया प्रचारात आणला. सुमारे ३.५ मी. खोलीखाली ऋतुमानाने होणारी हालचाल नगण्य होते, हे त्यामागील निरीक्षण होय. लहान घरांसाठी पायाचे चर मुरुमापर्यंत नेणे आणि जोत्यात काळी माती न भरता मुरुमाचीच भर घालून ती थराथराने ठोकणे, हा जुना व आजही योग्य उपाय आहे. चरातून निघालेली काळी माती बाहेर वाहून नेण्याचा खर्च वाचविण्यासाठी तीच जोत्यात लोटून देण्याचा मोह गवंड्याला होतो. ही काटकसर पहिल्या पावसाळ्यातच फरशी उचलून उघडी पडते.

गृहदुरुस्तीत हा प्रश्न अधिक बिकट होतो. जुन्या घराला लागून नवी खोली काढली, की जुना भाग पूर्वीच बसलेला असतो व नवा बसू लागतो. दोन्ही एकमेकांना घट्ट जोडल्यास जोडावर उभी भेग हमखास पडते; यासाठी मध्ये सांधा सोडावा लागतो. एकमजली घरावर दुसरा मजला चढविताना मूळ पाया किती खोल आहे, हे एका कोपऱ्यात खणून पाहणे आवश्यक असते. हे खणणे अर्ध्या दिवसाचे काम आहे. रोजंदारीवरील मिस्त्री ते करण्याचा आग्रह धरीत नाही, कारण पायाचा हिशेब त्याच्याकडे मागितलेलाच नसतो.

ठेका, गुत्ता व कंत्राट : १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले आणि १८५४ मध्ये सार्वजनिक बांधकाम खात्याची स्थापना झाली. रस्ते, पूल, कचेऱ्या व पुढे सरकी काढण्याचे कारखाने यांच्या कामांतून रोखीने काम उक्ते घेणारा वर्ग पुढे आला. त्याची नावेच इतिहास सांगतात. ‘कंत्राट’ हा शब्द पोर्तुगीजांकडून मराठीत आला. वऱ्हाडात ठेकेदार रूढ झाला, तर लगतच्या हिंगोली-परभणी भागात, जो १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, गुत्तेदार हा शब्द चालतो. वाशिम हे १९०५ पर्यंत जिल्ह्याचे ठाणे होते. त्या वर्षी तो जिल्हा मोडण्यात आला व १ जुलै १९९८ रोजी पुन्हा स्वतंत्र झाला.

सार्वजनिक बांधकाम खात्याने कंत्राटदारांची नोंदणी, कामाच्या रकमेनुसार त्यांचे वर्ग, अनामत रक्कम आणि काम संपल्यावरही ठरावीक मुदतीपर्यंत दोषांची जबाबदारी ही पद्धत रुजविली. सरकारने स्वतःच्या इमारतींसाठी जी काळजी घेतली, ती प्रजेच्या घरांसाठी घेतली नाही. ‘शासकीय नोंदणीकृत कंत्राटदार’ ही पाटी अनेक दुकानांवर दिसते. ती नोंदणी सरकारी निविदा भरण्यापुरती असते. खाजगी घराच्या दुरुस्तीसंबंधी ती काहीच ग्वाही देत नाही. सामान्य घरमालकाला हा भेद कोणी समजावून सांगत नाही.

परवान्याचा उगम व व्याप्ती : मुंबईच्या १८८८ च्या महानगरपालिका अधिनियमाने भूमापक (सर्व्हेअर) व नळ-कारागीर (प्लंबर) यांना परवाने देण्याची तरतूद केली, १९४९ च्या प्रांतिक महानगरपालिका अधिनियमाने तीच पद्धत इतर मोठ्या शहरांना लागू केली. वऱ्हाडातील नगरपालिका मध्य प्रांताच्या १९२२ च्या कायद्याखाली होत्या. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमाने त्याची जागा घेतली. नगरांतील विकासाला परवानगी आवश्यक करणारा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ चा, आणि त्याखालील एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० ची. या नियमावलीनुसार नकाशा सादर करणे, कामावर देखरेख करणे व पूर्णत्वाचा दाखला देणे ही कामे वास्तुविशारद, परवानाधारक अभियंता, संरचना अभियंता वा पर्यवेक्षक यांनीच करावयाची असतात. वाशिम, कारंजा, रिसोड व मंगरूळपीर या नगरपरिषदांत आणि मालेगाव व मानोरा या नगरपंचायतींत हेच नियम चालतात. खेड्यातील गावठाणात परवानगीचा अधिकार १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने ग्रामपंचायतीकडे दिला आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. वरील यादीत बांधणारा ठेकेदार नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९२९ पासून ठेकेदारांनाच परवाना देणारे मंडळ आहे व विनापरवाना काम करणाऱ्याला तेथे मजुरीसाठी न्यायालयात दादही मागता येत नाही. महाराष्ट्रात खाजगी घर बांधणाऱ्या वा दुरुस्त करणाऱ्या ठेकेदारासाठी असा परवाना अस्तित्वात नाही. आपल्याकडे परवाना आहे तो आराखडा करणाऱ्याला, देखरेख करणाऱ्याला, नळ जोडणाऱ्याला आणि तारा ओढणाऱ्याला. वास्तुविशारद अधिनियमदेखील (१९७२) मुख्यतः ‘वास्तुविशारद’ या पदनामाचे संरक्षण करतो. तो इतरांना आराखडे करण्यास मनाई करीत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला. म्हणून ‘परवानाधारक ठेकेदार नेमावा’ या सल्ल्याचा आपल्याकडील अर्थ असा होतो, की ठेकेदार कोणीही असला, तरी त्याच्या कामावर परवानाधारक व्यक्तीची सही आणि नजर असावी.

दुसरी उणीव अधिक सूक्ष्म आहे. १९६६ च्या अधिनियमाने घराच्या केवळ आतील भागावर परिणाम करणाऱ्या आणि बाह्य स्वरूप फारसे न बदलणाऱ्या देखभालीच्या व सुधारणेच्या कामांना परवानगीतून वगळले आहे. प्रत्येक गिलाव्यासाठी कचेरीत खेटे घालावे लागू नयेत, हा हेतू रास्तच होय. पण परवानगी नाही म्हणून नकाशा नाही, नकाशा नाही म्हणून अभियंता नाही, अशी साखळी त्यातून तयार होते. आतले काम म्हणजे निरुपद्रवी काम, हा समज मुंबईत दोनदा फार महाग पडला. २७ सप्टेंबर २०१३ रोजी माझगावची बाबू गेनू ही महापालिका कर्मचाऱ्यांची इमारत कोसळून ६१ जण मृत्युमुखी पडले. तळमजल्यावरील गोदामातील अनधिकृत फेरफारांकडे तेव्हा बोट दाखविले गेले. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरच्या सिद्धी-साई या चार मजली इमारतीत १७ जणांचा अंत झाला. तळमजल्यावर चाललेल्या नूतनीकरणात स्तंभांना धक्का लागल्याचे चौकशीत पुढे आले. वरच्या मजल्यांवरील कुटुंबांचा त्या कामाशी काही संबंध नव्हता.

वाशिमसारख्या जिल्ह्यात इमारती बुटक्या असल्याने अपघात लहान होतात व वर्तमानपत्राच्या आतल्या पानात राहतात. तथापि जिल्हा भूकंपापासून सर्वस्वी मुक्त नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात सु. आठ हजार माणसे मेली. ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि जड माळवद यांखाली सापडून. त्यानंतरच्या पुनर्वसन कार्यक्रमात कमी नुकसान झालेल्या गावांतील घरांचे बळकटीकरण घरमालकांकडूनच, तांत्रिक मार्गदर्शनाखाली करविण्यात आले आणि गवंड्यांना प्रशिक्षण देण्यात आले. महाराष्ट्रात दुरुस्ती हा अभियांत्रिकीचा विषय आहे, याची एवढ्या मोठ्या प्रमाणावरील जाणीव तेव्हा प्रथम झाली. वाशिमला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यात मार्च व जुलै २०२४ मध्ये ४.५ प्रतीचे धक्के बसले.

वीज : परवान्याची खरी कडक पद्धत विजेच्या बाबतीत आहे. १९१० च्या भारतीय वीज अधिनियमाखालील १९५६ च्या नियमांनी ग्राहकाच्या जागेतील विद्युत मांडणीचे काम (त्यातील भर, फेरफार व दुरुस्ती यांसह) शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराने, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली व परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करावे, असे बंधन घातले. दिवा, पंखा, फ्यूज, बटण यांची जागच्या जागी बदली एवढीच मोकळीक ठेवली. २००३ च्या वीज अधिनियमाखालील २०१० च्या व नंतर २०२३ च्या विनियमांत हे तत्त्व कायम आहे. नवी जोडणी घेताना अशा ठेकेदाराचा चाचणी अहवाल द्यावा लागतो.

नियम उत्तम, आचरण मात्र पुष्कळदा सहीपुरते असते. तारा ओढतो एक, अहवालावर सही दुसऱ्याची, आणि सही करणाऱ्याने घर पाहिलेलेही नसते. शिवाय अहवाल मागितला जातो तो नव्या जोडणीच्या वेळी. वीस वर्षांनी त्याच तारांवर वातानुकूलक, गिझर व पाण्याचा पंप चढविला जातो, तेव्हा कोणी काही विचारीत नाही, जरी नियमानुसार ती भर परवानाधारकाकडूनच व्हावयास हवी. दिवे व पंख्यांपुरत्या घातलेल्या बारीक तारेतून जादा भार गेला, की ती भिंतीच्या आत तापत राहते. भूसंपर्कन (अर्थिंग) हा तर घराघरांतील उपेक्षित विषय होय. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की मातीचा विद्युत रोध वाढतो आणि पावसाळ्यात केलेल्या चाचणीचे आकडे उन्हाळ्यात टिकत नाहीत. घरमालकाने परवानाधारकाच्या सहीबरोबर त्याची प्रत्यक्ष उपस्थितीही मागितली पाहिजे, ती यासाठी.

जबाबदारी व कायदा : रोजंदारीवर मिस्त्री व बिगारी लावून, साहित्य स्वतः आणून काम करविणे ही वऱ्हाडातील सर्वांत रूढ रीत आहे. ती स्वस्त वाटते. परंतु कायद्याच्या दृष्टीने तीत घरमालक हाच ठेकेदार बनतो. साहित्य त्याचे, हुकूम त्याचा, म्हणून दोषही त्याचा. मजूर पाडावरून पडल्यास काय होते, हा यातील गंभीर प्रश्न. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई अधिनियमात, मालकाच्या धंद्याशी संबंध नसलेल्या तात्पुरत्या कामावरील मजुराला वगळले होते. २००० मधील दुरुस्तीने ही वगळणूक काढून टाकली व घरमालकावरही दायित्व येण्याचा मार्ग मोकळा झाला. तो अधिनियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. बांधकाम कामगारांविषयीच्या १९९६ च्या कायद्याने तर दहा लाख रुपयांपर्यंतच्या स्वतःच्या घराचे काम करविणाऱ्या व्यक्तीला आपल्या कक्षेबाहेर ठेवले होते. ही सवलत घरमालकाच्या सोयीची खरी. पण त्याच्या पाडावर चढलेला मजूर त्या कायद्याच्या सुरक्षा-तरतुदींच्या बाहेर राहिला, हे तिचे दुसरे टोक.

काम उक्ते व लेखी दिल्यास स्थिती बदलते. १८७२ च्या करार अधिनियमाखाली करारभंगाची भरपाई मागता येते. १९८६ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमात १९९३ मध्ये गृहबांधणीचा समावेश ‘सेवे’त स्पष्टपणे करण्यात आला आणि त्याच वर्षी लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तोच अर्थ मान्य केला. सध्याच्या २०१९ च्या अधिनियमानुसार, दिलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पण ‘वैयक्तिक सेवेचा करार’ या कायद्यातून वगळलेला आहे, आणि रोजावर लावलेला मिस्त्री त्याच सदरात जाण्याचा संभव असतो. ज्या स्थावर संपदा अधिनियमाचा (२०१६) गाजावाजा होतो, तोही येथे उपयोगी नाही. विक्रीचा संबंध नसलेली दुरुस्ती व नूतनीकरण त्यातून वगळले आहे. सारांश, सदनिका विकत घेणाऱ्याला पाच वर्षे रचनादोषाची हमी मिळते. वडिलार्जित घर दुरुस्त करणाऱ्याला लेखी कराराखेरीज काहीच मिळत नाही.

अशा करारात परवानाधारक पर्यवेक्षकाचे नाव, परवान्याचा क्रमांक व मुदत, कामाचे टप्पे आणि त्यांनुसार हप्ते असावेत. सुगी संपल्यावर हातात रोकड असते तेव्हा मोठी उचल देण्याची पद्धत घातक आहे. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या अनामत रकमेच्या धर्तीवर काही रक्कम एक पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवणे हे वऱ्हाडात विशेष योग्य, कारण काळ्या जमिनीची व स्लॅबच्या गळतीची परीक्षा पावसाळाच घेतो. तांत्रिक बाबीही लेखी असाव्यात. भारतीय मानकानुसार ४.५ मी.पर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालील टेकू सात दिवस व त्याहून मोठ्या गाळ्याखालील चौदा दिवस काढावयाचे नसतात. काँक्रीट किमान सात दिवस, मिश्र सिमेंट असल्यास वा हवा उष्ण व कोरडी असल्यास दहा दिवस, ओले ठेवावयाचे असते. दुसऱ्या कामासाठी फळ्या हव्या असतात म्हणून सेंट्रिंग लवकर उतरविण्याची घाई आणि एप्रिल-मेच्या टंचाईत पाणी मारण्याची हयगय, ही या भागातील कमकुवत स्लॅबची दोन नेहमीची कारणे होत.

घरकुल योजनांतील विसंगती : जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सु. १२ लाख असून तीपैकी चार-पंचमांशांहून अधिक ग्रामीण आहे. परवानाधारकांची व्यवस्था प्रामुख्याने नगरांची असल्याने या बहुसंख्येला तिचा लाभ कमी मिळतो. शिवाय घरकुलांच्या बाबतीत शासनाचे धोरण ठेकेदाराच्या विरुद्ध आहे. इंदिरा आवास योजनेत व तिच्या जागी २०१६ मध्ये आलेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) लाभार्थ्याने घर स्वतः बांधावे, ठेकेदार मध्ये आणू नये, असा दंडक आहे. ठेकेदारांनी गरिबांची घरे निकृष्ट बांधल्याच्या पूर्वानुभवातून तो आला. ठेकेदार दूर गेला. त्याच्याबरोबर जबाबदार मनुष्यही दूर गेला. सपाट प्रदेशासाठी ठरविलेल्या १ लाख २० हजार रुपयांच्या अनुदानात अभियंत्याचे शुल्क बसत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी २०१६ च्या योजनेत ग्रामीण गवंड्यांना प्रत्यक्ष घर बांधता बांधता सु. ४५ दिवसांचे प्रशिक्षण देऊन परीक्षेनंतर प्रमाणपत्र देण्याची तरतूद केली गेली. हे प्रमाणपत्र परवान्याच्या सर्वांत जवळ जाणारे आहे, कारण ते कागदावर सही करणाऱ्याला नव्हे, तर हातात थापी असलेल्या माणसाला मिळते. मात्र ते बंधनकारक नाही. ते नसलेल्या गवंड्याला काम देण्यास कोणताही नियम आड येत नाही, आणि ते असलेल्याला अधिक रोज मिळेल अशीही व्यवस्था नाही. प्रशिक्षित गवंडी त्यामुळे बहुधा मोठ्या शहराकडे जातो व गावातील जुन्या घरांची दुरुस्ती पूर्वीच्याच हातांत राहते.